भातासाठीचे जपानी लाकडी ओहित्सू: निवड, रोजचा वापर आणि निगा

प्रश्न थोडक्यात असा आहे. टोकियोत राहणाऱ्या एका चौकोनी मराठी कुटुंबाला शिजलेला भात काढून ठेवण्याचे जपानी लाकडी भांडे, म्हणजे ओहित्सू, घ्यायचे आहे. विजेच्या कुकरमध्ये भात आपोआप गरम राहत असताना या भांड्याची खरोखर गरज आहे का, ते कोणत्या लाकडाचे आणि किती मापाचे घ्यावे, नव्या लाकडाचा वास भाताला लागू नये म्हणून काय करावे, उन्हाळ्यात त्यात भात किती वेळ ठेवावा, काळे डाग पडले तर काय करावे, आणि काही काळाने पुण्याला परतताना ते सोबत न्यावे का, असे त्यांनी विचारले आहे. मी नागोयात राहतो आणि आमच्या घरी रोजचा भात वर्षानुवर्षे ओहित्सूतूनच वाढला जातो, त्यामुळे यातील प्रत्येक प्रश्नाशी माझी चांगली ओळख आहे.

माझे सगळे उत्तर ज्या एका मुद्द्यावर उभे आहे तो आधी मांडतो. ओहित्सू हे भात साठवण्याचे भांडे नाही आणि भात गरम ठेवण्याचेही नाही. भात शिजवण्याची शेवटची पायरी ज्यात पुरी होते असे ते भांडे आहे. आचेवरून उतरलेला आणि वाफेत मुरलेला भात खाण्याजोगा असतो खरा, परंतु त्याच्या शितांवर अजून मोकळे पाणी असते. ते पाणी बेताने आणि सावकाश निघून जाण्याचे काम अजून उरलेले असते, आणि ते लाकूड करते. हे एकदा ध्यानात घेतले की कोणते लाकूड, किती माप, आतून ओले का करायचे, किती वेळ ठेवायचे, या सगळ्या प्रश्नांची उत्तरे त्यातूनच निघतात. ओहित्सूला साठवणुकीचा डबा समजून वापरणाऱ्यांचा भात एक तर सुकतो नाही तर आंबतो, आणि दोष मात्र भांड्याच्या माथी येतो.

धातूच्या पातेल्यात भात झाकून ठेवला म्हणजे त्याची वाफ झाकणाला लागून निवते, तिचे थेंब पुन्हा भातावर पडतात, कडेची शिते ओली होतात आणि तळाचा भात गिचका होतो. झाकण काढून ठेवावे तर वरचा थर वाळून टणक होतो. लाकडाचे तसे नसते. सावारा किंवा सुगी यांसारख्या जपानी सूचिपर्णी झाडांच्या हलक्या लाकडातून उष्णता फार हळू वाहते. स्टेनलेस स्टीलशी तुलना केली तर शंभर पटींहूनही कमी. त्यामुळे भांड्याची आतली बाजू लवकर गार पडत नाही आणि तिच्यावर थेंब जमत नाहीत. जी वाफ लाकडापर्यंत पोहोचते ती त्याच्या रंध्रांत शोषली जाते, आणि पुढे भात निवून आतली हवा कोरडी होऊ लागली की त्यातील काही ओलावा लाकूड पुन्हा भाताला देते. या देवघेवीमुळे भात गार झाला तरी काही तास मऊ राहतो, शीत न् शीत वेगळे राहते आणि दाताखाली किंचित ताठ लागते. जपानी तांदूळ मुळात चिकट असल्यामुळे हा फरक त्यात अधिक जाणवतो.

आता कुकरच्या प्रश्नाकडे येतो. जपानमध्ये तोशिबा कंपनीचा स्वयंचलित विजेचा कुकर १९५५ साली बाजारात आला आणि शिजलेला भात विजेवर गरम ठेवणारे झोजिरुशी कंपनीचे भांडे १९७० साली आले. भात गरम ठेवणारी भांडी घरोघरी पोहोचली तसे ओहित्सू स्वयंपाकघरातून मागे सरले. त्याआधी भात दिवसातून एकदाच शिजवला जाई. एदोत, म्हणजे आजच्या टोकियोत, तो सकाळी शिजे आणि दुपारी व रात्री गारच खाल्ला जाई. क्योतो-ओसाकाकडे तो दुपारी शिजवण्याची रीत होती. सरपण आणि श्रम वाचवणाऱ्या या रीतीत गार भात चवीने खाता यावा, यासाठी ओहित्सूची गरज होती. आज तुमच्याकडे कुकर आहे, तेव्हा सरपणाचा प्रश्न नाही. परंतु कुकर ६० ते ७५ अंश सेल्सिअसच्या आसपास भात तासन् तास धरून ठेवतो तेव्हा तो जंतूंपासून बऱ्यापैकी सुरक्षित राहिला, तरी हळूहळू पिवळसर होतो, त्याला एक जड वास येतो आणि कडेची शिते वाळतात. म्हणून माझा सल्ला असा की भात कुकरमध्येच शिजवावा, शिजल्याबरोबर गरम ठेवण्याचे बटण बंद करावे आणि भात ओहित्सूत काढावा. ज्या घरी एक जण सातला जेवतो आणि दुसरा दहाला, आणि दोघांनाही वाफाळता भातच हवा असतो, त्या घरी मात्र कुकरच अधिक सोयीचा आहे; तिथे ओहित्सू घेऊ नये.

लाकडाविषयी थोडे सविस्तर लिहितो, कारण खरेदीत बहुतेकांची गफलत इथेच होते. ओहित्सूसाठी सर्वांत मान्यता पावलेले लाकूड म्हणजे सावारा. हे हिनोकी या सुवासिक जपानी झाडाच्या कुळातले सूचिपर्णी झाड असून त्याचे नावाजलेले लाकूड नागानो प्रांतातील किसो खोऱ्यातून येते. हिनोकी, सावारा, आसुनारो, नेझुको आणि कोयामाकी हे तिथले पाच मानाचे वृक्ष. एदो काळात, म्हणजे सतराव्या ते एकोणिसाव्या शतकात, हे जंगल ओवारी संस्थानाच्या ताब्यात होते आणि चोरून तोड करणाऱ्याला जबर शिक्षा होती. ‘एक झाड, एक शिर’ ही म्हण तेव्हापासून तिथे चालत आली आहे. तोडलेले ओंडके किसो नदीतून खाली सोडले जात आणि नागोयातील आत्सुता भागातल्या शिरातोरी येथील लाकूडवखारीत आणले जात. सावारा पाण्यात टिकते, वजनाला हलके असते, आणि मुख्य म्हणजे त्याचा वास हिनोकीच्या मानाने बराच सौम्य असतो. हिनोकीचा वास स्नानाच्या टबाला शोभतो. भाताला तो मला जास्त वाटतो. ज्यांना तो आवडतो त्यांनी खुशाल घ्यावे, पण पहिल्या ओहित्सूसाठी मी सावाराच सुचवेन.

बांधणीचे दोन प्रकार आहेत. पहिल्यात उभ्या फळ्या गोलाकार जोडून त्यांना बाहेरून तांब्याची किंवा बांबूची कडी, म्हणजे गोल पट्टे, घालतात. फळ्या एकमेकींना बांबूच्या खिळ्यांनी जोडलेल्या असतात, आणि काही कारागीर अजूनही शिजलेला भात घोटून केलेली खळ चिकटवायला वापरतात. चांगल्या ओहित्सूच्या फळ्यांवर रेषा सरळ आणि समांतर दिसतात, कारण लाकूड त्या दिशेने कापले म्हणजे ते ओले-सुके होताना कमी वाकते आणि ओलावा शोषून सोडूही शकते. साके या तांदळाच्या दारूची पिंपे करणारे याच्या उलट कापाची फळी घेतात, कारण त्यांना द्रव झिरपू द्यायचा नसतो. दुसऱ्या प्रकारात सुगीची पातळ पट्टी उकळत्या पाण्यात मऊ करून वाकवतात आणि जोड रानचेरीच्या सालीने शिवतात. अकिता प्रांतातील ओदाते हे त्याचे प्रसिद्ध ठिकाण, आणि तिथल्या या कलेला १९८० साली सरकारची पारंपरिक हस्तकला म्हणून मान्यता मिळाली. हे भांडे हलके व देखणे असते, परंतु भिंत पातळ असल्यामुळे उष्णता आणि ओलावा धरण्याची त्याची ताकद कमी असते. एक-दोन माणसांना ते पुरते. चौघांसाठी मी जाड फळ्यांचेच घेईन.

झाकणातही फरक आहे. एदो पद्धतीचे झाकण भांड्याच्या तोंडावर टोपीसारखे बाहेरून बसते, तर दुसऱ्या पद्धतीत झाकण तोंडावर नुसते टेकलेले असते. बाहेरून बसणारे झाकण ऊब जरा जास्त वेळ धरते आणि टोकियोच्या कोरड्या हिवाळ्यात भात सुकू देत नाही, म्हणून तुमच्यासाठी तेच योग्य.

घेताना एक गोष्ट काटेकोरपणे पाहावी: आतली बाजू कोरी आहे का? लाख चढवलेले किंवा पारदर्शक कृत्रिम लेप दिलेले ओहित्सू डाग धरत नाही आणि साबणाने धुता येते, म्हणून विक्रेते ते आग्रहाने पुढे करतात. पण लेपाखालचे लाकूड ओलावा घेऊच शकत नाही, आणि मग त्या भांड्याचे मूळ कामच उरत नाही. नागोयात भाजलेल्या ईल माशाचा हित्सुमाबुशी हा पदार्थ छोट्या ओहित्सूत वाढतात, आणि तो ताटावरच संपायचा असल्यामुळे आणि त्यात गोडसर सॉस असल्यामुळे तिथे लाखेचे भांडे अगदी योग्य असते. घरच्या साध्या भातासाठी ते योग्य नाही. तसेच सुशीचा भात कालवण्याची उथळ व रुंद लाकडी परात म्हणजे ओहित्सू नव्हे. तिचा हेतू भात झटपट निववणे हा आहे आणि ओहित्सूचा नेमका उलट. कारागिराच्या हातच्या सावाराच्या ओहित्सूला हजारो येन मोजावे लागतात, पण नीट वापरले तर ते अनेक वर्षे चालते, आणि कडी बदलून आतून रंधा मारून पुन्हा नवे करून देणारे कारागीर अजून आहेत, जरी त्यांची संख्या रोडावत चालली आहे.

मापाचा हिशेब जपानमध्ये गो या मापात करतात. १ गो म्हणजे १८० मिलिलिटर, साधारण १५० ग्रॅम तांदूळ, आणि त्याचा सुमारे ३३० ते ३५० ग्रॅम भात होतो. तुमच्या घरी पोळीही होत असणार, तेव्हा चौघांना एका वेळी २ ते ३ गो पुरतील, आणि त्यासाठी ४ ते ५ गो मावतील असे ओहित्सू घ्यावे. भात भांड्याच्या निम्म्यापेक्षा जास्त आणि तीन चतुर्थांशापेक्षा कमी असावा. काठोकाठ भरले तर वाफेला जागा उरत नाही आणि खालचा भात दबून गोळा होतो. उलट पाहुण्यांचा विचार करून फार मोठे घेतले तर रोजचा थोडा भात त्यात पसरून लवकर निवतो आणि सुकतो. पाहुणे आले तर त्या दिवशी दोनदा भात लावणे परवडते.

नवे भांडे घरी आले की आधी लाकडाचा उग्र वास आणि राळ काढावी लागते. भांडे पुसून घ्यावे, त्यात कढत पाणी काठापर्यंत भरावे, त्यात दोन-तीन पळ्या साधे व्हिनेगर घालावे आणि तीन-चार तास तसेच ठेवावे. व्हिनेगरऐवजी तांदळाचे धुवण वापरण्याचीही रीत आहे. झाकणाची आतली बाजूही त्याच पाण्याने पुसून घ्यावी. नंतर स्वच्छ पाण्याने धुऊन सावलीत पूर्ण वाळवावे. इतके करूनही पहिल्या काही वेळा भाताला लाकडाचा वास येईल. तो रोजच्या वापराने जातो, म्हणून पुन्हा पुन्हा व्हिनेगर घालत बसू नये. काही वेळा फळीतून राळेचा चिकट थेंब वर येतो. तो दोष नाही. अल्कोहोलने ओल्या केलेल्या कापडाने पुसला की निघतो.

रोजच्या वापराची सुरुवात भांडे ओले करण्यापासून होते, आणि ही पायरी कधीही गाळू नये. भात काढण्यापूर्वी आतून सगळीकडे गार पाणी फिरवावे, ओतून टाकावे आणि घट्ट पिळलेल्या कापडाने पुसावे, म्हणजे लाकूड ओलसर राहील पण पाणी दिसणार नाही. कोरडे ठणठणीत लाकूड शितांना चिकटते, त्यांची खळ रंध्रांत शिरते आणि पुढे तिथेच बुरशी धरते. शिवाय ते भाताचे पाणी अधाशीपणे ओढून घेते. कडक थंडीत गार पाण्याऐवजी गरम पाणी फिरवावे, म्हणजे भात एकदम निवत नाही.

विजेच्या कुकरच्या वेळातच बहुधा भात मुरण्याचा काळ धरलेला असतो, म्हणून शिट्टी किंवा सूचना वाजली की लगेच झाकण उघडावे. मातीच्या भांड्यात किंवा साध्या पातेल्यात शिजवत असाल तर आच बंद केल्यावर १० ते १५ मिनिटे झाकण न उघडता मुरू द्यावा. नंतर ओली केलेली लाकडी भातवाढी कडेने फिरवून भात तळापासून वर उचलावा, दाबू किंवा घोटू नये, आणि ओहित्सूत हलक्या हाताने सोडावा. मध्ये किंचित उंच आणि कडेला उतरता असा ढीग केला की वाफ सारखी बाहेर पडते. कुकरच्या तळाशी करपट थर असेल तर तो ओहित्सूत घेऊ नये. तोंडावर एक स्वच्छ कोरडे सुती कापड पसरून त्यावर झाकण ठेवावे. झाकणाखाली जमणारे उरलेसुरले पाणी ते कापड टिपते. पांढरे, न रंगवलेले मलमल किंवा जुन्या धोतराचा धुवट तुकडा यासाठी उत्तम. यानंतर १५ ते २० मिनिटे थांबावे. याच वेळात लाकूड आपले काम करते, आणि इतका धीर ज्यांना धरता येत नाही त्यांना ओहित्सूतल्या भातात काही विशेष जाणवत नाही. शिजवताना पाणी नेहमीइतकेच घालावे. ओहित्सू ओलावा घेते म्हणून पाणी वाढवण्याची गरज नाही, आणि आसट भात आवडत नाही म्हणून ते कमी करण्याचीही नाही.

मराठी जेवणाच्या क्रमाशी हे भांडे किती जुळते, हे मला अनुभवाने पटले आहे. पहिला वरणभात भात ओहित्सूत काढल्यावर वीस मिनिटांनी घ्यावा; तो अजून गरम असतो आणि तूप त्यावर सहज विरघळते. पोळीभाजी होईतो भात कोमट होतो, आणि शेवटच्या ताकभाताला किंवा दहीभाताला कोमट भातच हवा असतो, कारण कढत भातावर दही फुटते. मात्र वरण, तूप, ताक हे सगळे ताटात; ओहित्सूत फक्त पांढरा भात. मसालेभात, खिचडी, फोडणीचा भात किंवा हळदीचा कोणताही पदार्थ त्यात ठेवू नये. हळदीचा डाग लाकडातून निघत नाही, आणि तेल-तूप एकदा रंध्रांत मुरले की लाकूड ओलावा घेईनासे होते व काही दिवसांनी खवट वास देऊ लागते. जपानी घरांतही भाज्या आणि सोया सॉस घालून शिजवलेला भात कोऱ्या लाकडात न ठेवण्याची काळजी घेतात.

तांदळाविषयी सांगायचे तर कोशिहिकारी आणि त्याच्या जवळचे जपानी तांदूळ यांच्यासाठीच हे भांडे घडले आहे. आपल्याकडचा इंद्रायणी, जो आंबेमोहोर आणि आयआर ८ या भाताच्या जातींच्या संकरातून मावळात तयार झाला, त्याला थोडा चिकटपणा असल्यामुळे ओहित्सूत चांगला राहतो. आंबेमोहोरही राहतो आणि त्याचा वास लाकडाच्या वासाखाली दबत नाही. कोलमच्या बाबतीत फायदा थोडाच आहे. बासमती मात्र यात ठेवू नये, कारण तो आधीच फडफडीत असतो आणि लाकडात आणखी सुकून ताठ होतो. कोकण-गोव्याकडच्या उकड्या तांदळालाही या भांड्याचा विशेष उपयोग नाही.

किती वेळ ठेवावे, या प्रश्नावर मी कठोर आहे. लाकडाच्या अंगच्या द्रव्यांमुळे भात नासत नाही असे दुकानांत सांगतात. त्या द्रव्यांचा जंतूंवर थोडाफार परिणाम होत असला तरी त्याच्या भरवशावर भात ठेवता येत नाही. बॅसिलस सेरियस या जिवाणूचे बीजाणू भात शिजवूनही मरत नाहीत. भात कोमट राहिला की ते वाढू लागतात, आणि त्यांतील उलट्या घडवणारे विष नंतर भात कितीही गरम केला तरी नष्ट होत नाही. म्हणून टोकियोच्या जून-जुलैच्या पावसाळी दिवसांत आणि ऑगस्टच्या उन्हाळ्यात भात ओहित्सूत दोन तासांपेक्षा जास्त ठेवू नये, आणि खोलीचे तापमान तिशीच्या वर असेल तर एका तासातच आवरावे. पूर्वी जपानी लोक सकाळचा भात रात्रीपर्यंत ठेवत हे खरे, परंतु त्यांची घरे हिवाळ्यात आजच्यासारखी गरम नसत. आता हिवाळ्यातही खोल्या २० अंशांवर असतात, तेव्हा घरात लहान मुले किंवा वृद्ध असतील तर बाराही महिने दोन तासांचा नियम पाळावा. खुद्द जपानमध्येही उन्हाळ्यात ओहित्सू बाजूला ठेवून भात बांबूच्या टोपलीत काढत आणि ती वाऱ्याच्या जागी टांगत. हिवाळ्यात याच्या उलट, उत्तरेकडील थंड प्रांतांत ओहित्सू भाताच्या पेंढ्याच्या जाड टोपलीत ठेवून वर पेंढ्याचे झाकण घालत. यामागाता प्रांतातील शोनाई भागात तशाच टोपलीत तान्ह्या बाळांनाही ऊब मिळावी म्हणून बसवत, आणि त्या रूपातल्या बाहुल्या तिथे आजही मिळतात.

उरलेल्या भाताचे काय करावे, हेही यातच येते. शिजलेल्या भातातील स्टार्च निवताना पुन्हा घट्ट होऊ लागते, आणि ही क्रिया ० ते ५ अंशांच्या दरम्यान सर्वांत वेगाने होते, म्हणजे नेमकी फ्रिजच्या तापमानाला. म्हणून फ्रिजमधला भात दुसऱ्या दिवशी खडखडीत होतो. ओहित्सू भातासकट फ्रिजमध्ये ठेवणे तर भाताला आणि लाकडाला दोघांनाही बाधक आहे. जेवणे उरकली की उरलेला भात लगेच एकेका वाटीच्या मापाने गुंडाळून फ्रीझरमध्ये टाकावा. ओहित्सूतला भात जास्तीचे पाणी टाकून आलेला असल्यामुळे तो गोठवून मायक्रोवेव्हमध्ये गरम केला तरी गिचका होत नाही; हा फायदा फारसा कोणी सांगत नाही, पण नोकरी करणाऱ्या कुटुंबाला तो मोलाचा वाटेल. ओहित्सू स्वतः मात्र मायक्रोवेव्हमध्ये कधीही ठेवू नये.

धुण्यापेक्षा वाळवणे महत्त्वाचे आहे, हे मी आग्रहाने सांगतो. भांडे रिकामे झाले की त्यात कोमट पाणी घालून दहा-पंधरा मिनिटे ठेवावे, म्हणजे चिकटलेली शिते सुटतात. रात्रभर भिजत ठेवू नये. नंतर काथ्याच्या घासणीने लाकडाच्या रेषांच्या दिशेने घासावे. जपानी घासणीही ताडाच्या किंवा नारळाच्या तंतूंचीच असते, तेव्हा घरातली काथ्याची चालेल. तळ आणि भिंत जिथे मिळतात त्या कोपऱ्याकडे विशेष लक्ष द्यावे, कारण खरकटे तिथेच राहते. साबण वापरू नये. तो लाकडात मुरतो आणि पुढच्या गरम भाताबरोबर बाहेर येतो. शेवटी कढत पाणी फिरवावे. त्याने खळही निघते आणि गरम झालेले लाकूड लवकर वाळते.

यानंतर कोरड्या कापडाने आतून-बाहेरून पुसावे आणि हवेशीर सावलीत ठेवावे. थेट उपडे घालू नये, कारण आतली दमट हवा कोंडते. आधी तोंड वर करून ओलावा उडू द्यावा, मग दोन काठ्यांवर आडवे किंवा तिरके ठेवावे, म्हणजे तळालाही वारा लागेल. झाकण वेगळे उभे करावे. उन्हात ठेवण्याचा मोह आपल्या लोकांना फार होतो, कारण आपण पापड-कुरडयांपासून गाद्यांपर्यंत सगळे उन्हातच वाळवतो. पण उन्हात लाकूड एका बाजूने आकसते आणि फळ्या उघडतात. एअर कंडिशनरचा किंवा हीटरचा झोतही तितकाच वाईट. दमट दिवसांत साधा पंखा लावावा. एक रात्र पुरली नाही असे बोटाला जाणवले तर त्या दिवशी भात कुकरमधूनच वाढावा. ज्यांना रोज वापरायचे आहे त्यांनाही पावसाळी दिवसांत एक दिवसाआड वापरणे बरे. पूर्ण वाळलेले भांडे कागदात किंवा सुती कापडात गुंडाळून ठेवावे, प्लास्टिकच्या पिशवीत कदापि नाही.

काळ्या डागांविषयी तुम्ही काळजीने विचारले आहे. सगळे डाग सारखे नसतात. लाकूड वर्षानुवर्षे मधासारखे तपकिरी होत जाते, ते वयाचे लक्षण आहे आणि त्यावर काहीही करू नये. निळसर काळा, बाहेरच्या बाजूला ठिपक्यासारखा किंवा रेषेसारखा डाग बहुधा लोखंडाचा असतो: ओले लाकूड लोखंडी तव्याला, कढईला किंवा गंजलेल्या जाळीला टेकले की लाकडातील टॅनिन हे तुरट द्रव्य आणि लोह यांच्या संयोगाने तो उमटतो. त्यावर लिंबाचा रस चोळून धुतले की तो फिका पडतो. आतल्या बाजूचे, विशेषतः तळाच्या कोपऱ्यातले, धुरकट काळे ठिपके मात्र बुरशीचे समजावेत. ते वरवर असतील तर बारीक पॉलिश पेपरने रेषांच्या दिशेने घासून, कढत पाण्याने धुऊन आणि पूर्ण वाळवून भांडे पुन्हा वापरता येते. घासूनही कुबट वास जात नसेल तर त्यात भात ठेवू नये आणि ते कारागिराकडे रंधा मारायला द्यावे. कपड्यांचे ब्लीच कोऱ्या लाकडावर वापरू नये. ते रंध्रांत राहते.

बरेच दिवस न वापरल्यामुळे किंवा कोरड्या हवेमुळे फळ्या आकसल्या की कडी सैल होऊन घसरतात. घाबरण्याचे कारण नाही. भांडे किंचित निमुळते असते; कडे जिकडे भांडे रुंद आहे तिकडे, लाकडी ठोकळ्याने चहूबाजूंनी थोडे थोडे ठोकत, मूळ जागी न्यावे, आणि मग भांड्यात तासभर पाणी भरून फळ्या फुगू द्याव्यात. कडे एकाच बाजूने जोरात ठोकू नये. फळ्या सुट्या झाल्या तर घरी जुळवण्याच्या फंदात न पडता त्यांचा क्रम न बिघडवता दोरीने बांधून कारागिराकडे न्याव्यात. तांब्याची कडी काळवंडली तर आपली चिंच-मिठाची रीत चालते, फक्त चिंचेचे पाणी लाकडावर ओघळू न देता कापडाने कड्यापुरतेच चोळावे आणि लगेच पुसावे.

पुण्याला न्यावे का, तर जरूर न्यावे, पण तिथले वेळापत्रक वेगळे ठेवावे. मार्च ते मे या महिन्यांत पुण्याची हवा इतकी कोरडी असते की न वापरलेल्या ओहित्सूची कडी हमखास घसरतील, म्हणून या काळात ते आठवड्यातून दोन-तीनदा तरी वापरावे किंवा ओलसर कापडाने पुसत राहावे. आणि दुपारचे तापमान पाहता भात त्यात पानावर बसण्यापूर्वी अर्धा तास काढून जेवण संपताच रिकामे करावे. जुलै-ऑगस्टमध्ये ते वापरू नये. पूर्ण वाळवून, कागदात गुंडाळून, भिंतीला न टेकवता कपाटाच्या वरच्या फळीवर ठेवावे आणि अधूनमधून उघडून वारा द्यावा. नोव्हेंबर ते फेब्रुवारी हे तिथले सर्वांत चांगले दिवस, आणि इंद्रायणीचा नवा तांदूळही त्याच सुमारास बाजारात येतो. निघण्यापूर्वी कड्यांची जागा लाकडावर पेन्सिलीने आखून ठेवावी, कारण विमानातल्या कोरड्या हवेत ती हलू शकतात. ओहित्सूच्या फळ्या जुळवणारा कारागीर पुण्यात मिळणे अवघड आहे, परंतु एखादे कडे तुटलेच तर कसबा पेठेतील तांबट आळीत मापाप्रमाणे तांब्याचे नवे कडे करून मिळू शकेल. त्यासाठी जुने कडे फेकून न देता नमुना म्हणून जपून ठेवावे.